खो कोणी द्यायचा?



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका शेजाऱ्यांनी विचारलं, "सर, तुम्ही कोचिंगवर बोलणार म्हणे. नीटच्या की जेईईच्या?" त्यांची काही चूक नाही. कॉलेज रोडला उभं राहून कुणालाही 'कोचिंग कुठं आहे' म्हणून विचारा, तो एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्याकडे बोट करील. मैदानाकडे कुणी बोट करणार नाही. शब्द मैदानावरून निघाला आणि जिना चढून वर्गात जाऊन बसला, आणि आपल्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

आम्हाला बोलायचं आहे ते नववी ते बारावीच्या मुलामुलींबद्दल. त्याआधी पीटीचा तास असतो, निदान वेळापत्रकात तरी असतो. नववीला तो गणिताचे सर मागून घेतात. अकरावी-बारावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय सक्तीचा आहे, पण त्याला गुण नाहीत, श्रेणी आहे. आणि ज्याचे गुण टक्क्यांत धरले जात नाहीत त्याचं आपल्याकडे काय होतं, ते सांगायला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट लागत नाही. वही भरली जाते, श्रेणी मिळते, बूट कोरडे राहतात.

गंमत अशी की याच वयाच्या मुलांसाठी 'लीडरशिप' या विषयाला मात्र मोठी मागणी आहे. अर्ध्या दिवसाचं शिबिर, वक्ते बाहेरून आलेले, पडदा, प्रोजेक्टर, शेवटी प्रमाणपत्र. पाहुणे म्हणून अशा तीन-चार शिबिरांना आम्ही बसलो आहोत. आणि प्रत्येक ठिकाणी एक चित्रफीत हमखास लावली जाते. तुम्ही ओळखलीच असेल. 'चक दे! इंडिया'मधलं, सामन्याच्या आधीचं, सत्तर मिनिटांचं भाषण. मुलं टाळ्या वाजवतात, काहींचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावले होते, खोटं कशाला बोला. मग वक्ते म्हणतात, 'याला म्हणतात लीडर.' तिथं आमची पंचाईत होते. कारण नेतृत्व शिकायला आलेल्या दोनशे मुलांना आपण काय दाखवलं? एक प्रौढ माणूस बोलतो आहे आणि मुली ऐकताहेत, हे. ते भाषण उत्तम आहे. पण त्यातून ऐकायचं कसं ते शिकता येईल. पुढं व्हायचं कसं, ते त्यात नाही.

म्हणून आज आम्ही हे सिनेमे जरा नीट पाहायचं ठरवलं. शाळांनी सिनेमे आता पाठ्यपुस्तकासारखे वापरायला घेतले आहेत, तर पाठ्यपुस्तकाचं जसं परीक्षण करतात तसं त्यांचंही करायला हवं.

'चक दे' २००७चा. त्यातला प्रशिक्षक कबीर खान सगळं जाणतो. कोणाला काढायचं, कोणाला बसवायचं, कोणाचा अहंकार कुठं मोडायचा, सगळं. अंतिम सामन्यात शेवटचा निर्णायक फटका कुठून येणार हेही तोच ओळखतो आणि गोलरक्षक मुलीला बाहेरून खूण करतो. ही मुलगी संघाची कर्णधार आहे बरं का! कर्णधार, गोलरक्षक, जगज्जेतेपदाचा क्षण, आणि वाचन बाहेरच्याचं. पटकथा इथं प्रशिक्षकाचं प्रेम करता करता खेळाडूच्या हातून तिचा निर्णय काढून घेते. पण त्याच सामन्यात थोडं आधी एक छोटा प्रसंग आहे, आणि शिबिरात तो कुणी दाखवत नाही. कोमल चौटाला आणि प्रीती सभरवाल, दोघी आघाडीच्या खेळाडू, सबंध सिनेमाभर एकमेकींना चेंडू देत नाहीत. आणि ऐन वेळी कोमल स्वतः गोल करू शकेल अशा जागी असताना चेंडू प्रीतीला देते. प्रशिक्षक त्या क्षणी काही सांगत नाही, सांगूही शकत नाही. आम्हाला विचाराल तर नेतृत्वाचा धडा तिथं आहे. अवघ्या काही सेकंदांचा.

'दंगल'बद्दल थोडक्यात. २०१६चा सिनेमा. त्यातल्या मुलींना कुस्ती हवी की नको हे कुणी विचारत नाही, केस कापतात आणि आखाड्यात उतरवतात. यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आम्हाला लक्षणीय वाटतो तो शेवट. अंतिम कुस्तीच्या वेळी बापाला कुणीतरी खोलीत कोंडतं आणि मुलगी एकटी लढते. हे प्रत्यक्षात घडलेलं नाही. २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं सुवर्णपदक जिंकलं ते असल्या कुलूपबंद नाट्याशिवाय. मग पटकथाकारांना हे कुलूप का घालावं लागलं? कारण मोकळा असता तर तो बाप गप्प बसला नसता! प्रशिक्षकाला गप्प बसवायला आपल्याकडे कुलूपच लागतं, एवढं त्या सिनेमानं नकळत कबूल करून टाकलं आहे.

तिसरा नागराज मंजुळे यांचा 'झुंड', २०२२चा. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेले विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला, त्यावर तो बेतलेला आहे. सिनेमा लांबला आहे, उत्तरार्धात पकड सुटते, हे मान्य. पण पूर्वार्धात शिक्षणशास्त्राचा एक अस्सल प्रसंग आहे. मास्तर वस्तीतल्या पोरांना सांगतात, रोज अर्धा तास खेळा, पैसे देतो. पोरं पैशासाठी खेळतात. काही दिवसांनी मास्तर म्हणतात, आज पैसे नाहीत. पोरं रेंगाळतात, घुटमळतात. आणि मग चेंडू मागतात.

हा प्रसंग पाहताना आम्हाला अ‍ॅलस्डेर मॅकिन्टायर आठवला. गेल्या पिढीतला फार मोठा नीतिचिंतक. २०२५च्या मे महिन्यात तो गेला, आपल्या वर्तमानपत्रांत चार ओळीही दिसल्या नाहीत. असो. १९८१च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात त्यानं बुद्धिबळाचं एक उदाहरण दिलं आहे, आणि विदित गुजराथीच्या गावात ते समजायला अवघड जाऊ नये. एक सात वर्षांचा हुशार मुलगा आहे. त्याला बुद्धिबळाची आवड नाही, गोळ्या-चॉकलेटची आहे. तुम्ही त्याला सांगता, माझ्याशी खेळलास तर गोळ्यांचे पैसे देईन, जिंकलास तर आणखी देईन. मुलगा खेळतो, जिंकायला खेळतो. पण मॅकिन्टायर म्हणतो, जोवर त्याला फक्त गोळ्याच हव्यात तोवर पकडलं न जाता लबाडी करता येत असेल तर ती न करण्याचं त्याच्यापाशी एकही कारण नाही. मात्र एक दिवस असा येऊ शकतो की त्याला डाव दिसायला लागतो. त्या खेळातच मिळणारी, दुसरीकडे कुठंच न मिळणारी गोष्ट त्याला गवसते. त्यानंतर त्यानं लबाडी केली तर तो तुम्हाला नाही, स्वतःलाच फसवील.

आता हे उदाहरण घेऊन आपल्या दहावी-बारावीकडे या. खेळाडू विद्यार्थ्यांना मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीनुसार, जास्तीत जास्त २५. पुढं शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या दोन्ही योजनांना आमचा विरोध नाही. गरीब घरातली मुलगी दोन वर्षं मैदानावर घालवते तर त्याची भरपाई समाजानं करायलाच हवी. पण गोळ्या फक्त दिल्या आणि डाव दाखवलाच नाही, तर काय होतं? खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं आपण गेल्या काही वर्षांत वाचलीच आहेत. लोक चुकचुकले, 'काय ही तरुण पिढी!' अहो, पिढी तर्काला धरूनच वागली. ज्याला खेळाकडून फक्त कागद हवा आहे तो खेळ वगळून थेट कागद आणणारच. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्या अनुमानात आम्हाला दोष सापडत नाही. दोष आहे तो पहिल्या विधानात, आणि ते विधान आपण मोठ्यांनी लिहून दिलं आहे.

बाहेरच्या लाभाशिवाय आतलं काही शिकवू शकेल असा खेळ आपल्या शाळांत आहे का? या गावापुरतं पाहायचं तर भोसला सैनिकी शाळेचं नाव टाळता येणार नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली ती सुरू केली. शाळकरी मुलांना नेतृत्व शिकवायचं हे ध्येय इतकं स्पष्ट समोर ठेवून निघालेल्या संस्था तेव्हा फार नव्हत्या. मुंजे १९३१ साली गोलमेज परिषदेनंतर इटलीत गेले होते, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या, मुसोलिनीची भेट घेतली, आणि हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं. तेव्हाच्या विचारात नेतृत्व म्हणजे आज्ञा देता येणं आणि त्यासाठी आधी आज्ञा पाळता येणं. यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. कवायतीनं शरीराला वळण लागतं, एकत्र चालण्याची सवय होते. पण कवायतीत 'सावधान' म्हणणाऱ्या मुलालासुद्धा निर्णय घ्यायचा नसतो. पुढचा हुकूम कुठला ते आधीच ठरलेलं असतं. तो मोठ्यानं बोलतो, एवढंच.

त्याच भोसलाच्या मैदानावर पुढं काय झालं ते पाहा. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली तिथं धावली, आणि २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. कुठल्या फेरीला मागं राहायचं, कुठल्या फेरीला सुटायचं हे प्रशिक्षक आधी सांगू शकतो, पण एकविसाव्या फेरीला शेजारचीचा श्वास ऐकून ठरवायचं असतं ते तिनंच. एकाच मातीवर दोन शिक्षणं झाली. एकात आवाज मोठा, दुसऱ्यात आवाजच नाही.

आणि एक गोष्ट, जी राजकारण बाजूला ठेवून ऐकावी. संघाची शाखा घ्या किंवा १९४१पासूनचं राष्ट्र सेवा दल घ्या. दोघांचं एकमेकांशी कधी जमलं नाही. पण संध्याकाळचा तासभर, वीस-तीस पोरं, त्यांचे खेळ, भांडणं, ढोपरं फुटणं, हे सगळं सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती सोपवायचं, हे दोघांनाही कळलं होतं. आमच्या लहानपणी गोदाकाठच्या गल्ल्यांतून दोन्हीकडचे असे दादा असायचे. त्यांना कुणी 'लीडरशिप' शिकवली नव्हती. लंगडीच्या डावात रडणाऱ्या पोराचं काय करायचं हे त्यांना तिथंच, त्याच मिनिटाला ठरवावं लागायचं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला होता की घर बांधता बांधताच माणूस गवंडी होतो आणि न्यायाची कामं करता करताच न्यायी होतो. आपल्या विचारसरणीसाठी मोठ्यांनी पोरांवर जो विश्वास टाकला, तो शाळेनं खेळासाठी का टाकू नये?

आता आमच्या जिव्हाळ्याच्या खेळाकडे येतो. खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४च्या सुमारास याचे नियम बांधले आणि २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. पण आम्ही चषकासाठी सांगत नाही.

खो-खोचे नियम एकदा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखे वाचून बघा. आठजण चौकात बसलेले, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. म्हणजे शेजाऱ्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. पाठलाग करणारा एकच. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठंही जायची मोकळीक. तेव्हा पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी एकट्यानं धरू म्हणेल तर दमून पडेल. त्याला कुणाला तरी खो द्यावाच लागतो, पाठीमागून, स्पर्श करून, ऐकू जाईल असा. आणि ज्याला खो मिळतो त्यानं मिळायच्या आधी उठायचं नाही. उठला तर तो नियमभंग. या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट सूर मारणं नाही. गडी समोर दिसत असताना, हात दोन वितींवर असताना, 'आता माझ्याच्यानं होणार नाही, हिच्याच्यानं होईल' हे ओळखून खाली बसणं, ही आहे. जगातल्या किती खेळांत पाठलाग सोडून देणं हीच मुख्य कृती असते?

मराठीत आपण 'कामात खो घालणे' म्हणतो, म्हणजे अडथळा आणणं. मैदानावर जो शब्द काम पुढं सोपवायला वापरतात, तोच आपण घराघरांत आणि कचेऱ्याकचेऱ्यांत अडवण्याला वापरतो. भाषेनं आपल्याबद्दल काहीतरी नोंदवून ठेवलं आहे असं आम्हाला कधी कधी वाटतं.

हे सगळं आम्ही आता ऐटीत सांगतो आहोत. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणी खो-खो खेळलो होतो म्हणून मुलींचा संघ आमच्याकडे आला. कर्णधार अकरावीची होती. बोलायला कमी, पण खेळ वाचणारी. एका महत्त्वाच्या सामन्याला तिनं पळणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्यांची यादी केली. पहिल्या तुकडीत तिनं एक अशी मुलगी घातली होती की जी संघात सर्वांत कच्ची समजली जायची. आम्ही यादी पाहिली, गुणलेखकाकडे जायच्या आधी पेन काढलं, आणि ते नाव खाली नेलं. तिनं आमच्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. सामना आम्ही जिंकलो. ढाल मिळाली, प्राचार्यांनी पेढे वाटले.

त्या मोसमात त्या मुलीनं पुन्हा एकही यादी केली नाही. 'सर, तुम्हीच करा ना' म्हणायची, हसून, अगदी आदरानं. आणि आम्हाला ते आवडायचं! मुलगी नम्र आहे असं आम्ही स्टाफरूममध्ये सांगायचो. आम्ही खेळाच्या दृष्टीनं बरोबर होतो का? असू. यादी बदलली नसती तर कदाचित हरलोही असतो. पण तिनं त्या कच्च्या मुलीत काय पाहिलं होतं, हे आम्ही विचारलं नाही. शिक्षकानं विचारायचा तो एकच प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ती भेटली. आता आजी झाली आहे. ढालीची आठवण तिनं आपणहून काढली, नातवाला सांगितलं, 'या सरांमुळं जिंकलो आम्ही.' आम्हाला यादीचं विचारायचं होतं. तिथं विचारता आलं नाही.

तर शाळा-महाविद्यालयांना आमचं सांगणं फार मोठं नाही. अकरावीचे वर्ग सुरू झाले की आंतरवर्गीय सामने त्या मुलांच्या ताब्यात द्या. पाचवी-सहावीच्या मुलांचे संघ त्यांनी घडवायचे, सोडती त्यांनी काढायच्या, पंच तेच, तक्रारी ऐकणारी समितीही त्यांचीच. शिक्षकानं प्रथमोपचाराची पेटी घेऊन झाडाखाली बसावं. त्यानं बघावं, वहीत लिहावं, आणि सामना झाल्यावर विचारावं, 'असं का केलंस?' उत्तर ऐकून घ्यावं. त्या संवादाला श्रेणी द्यायची असेल तर जरूर द्या. त्यात किती जिंकले याचा संबंध नको. आणि मुलींना हे सगळं मुलांइतकंच मिळालं पाहिजे. 'मुली संध्याकाळी घरी लवकर जातात' हे कारण ऐकून आमचे कान किटले आहेत. सामने सकाळी ठेवा.

लोक म्हणतील, बारावीचं वर्ष आहे, वेळ कुठं? वेळ नाही हे खरं आहे. पण मैदानाला वेळ नाही म्हणणारं घर वर्षभर रोज सहा तास कोचिंगला देतं, तेव्हा प्रश्न वेळेचा उरत नाही. आणखी एक आक्षेप अधिक वजनाचा आहे. तो असा की मुलं चुका करतील, पक्षपात करतील, एखादा दादागिरी करील. करील. आम्ही गल्लीत दोन्ही तऱ्हेचे दादा पाहिले आहेत. झाडाखालचा शिक्षक त्यासाठीच आहे. सगळं मुलांवर टाकून तो घरी गेला तर ते शिक्षण नाही, टाळाटाळ आहे. कुठं उठायचं आणि कुठं बसून राहायचं हे त्याचंही कसब, आणि ते आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. बीपीएडच्या अभ्यासक्रमात मैदानाची मापं पाठ करून घेतात. गप्प बसण्याचा तास तिथं घेता येईल का, यावर त्या क्षेत्रातल्या मंडळींनी विचार करावा.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तुम्हाला माहीत आहे. विहिरी खणण्याचं काम केलेला मुलगा, सैन्यात गेला, तिथं त्याच्या हाती वल्हं आलं, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या पाण्यात तो एकट्याची होडी घेऊन उतरला. टंचाईच्या तालुक्यातल्या मुलाच्या हाती शाळेत वल्हं पडणार नव्हतं, हे कुणालाही समजेल. पण ते दंड, ती चिकाटी, ती छाती शाळेत होतीच की. रोज समोर बसलेली होती. अशी आणखी किती मुलं आपल्यासमोर बसून उठून गेली, त्याचा हिशेब आमच्या वर्गापासून सुरू करावा लागेल.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. आमचीही पाळी संपली. मागच्या रांगेत काही अकरावीची मुलं बसलेली दिसताहेत. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.